पूर-भूकंपानंतर घर दुरुस्तीला देताना: गुत्तेदार, उचल आणि कायदा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, गोदावरीच्या काठची गावं पाण्याखाली गेली. पाणी ओसरायच्या आधीच दारात गुत्तेदार उभे होते. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. तेव्हापासून फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर लोकांनी जे विचारलं, ते इथे एकत्र केलंय. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. गुत्तेदाराशी सगळं तोंडी ठरलं, कागद काहीच नाही. कायदा असा करार धरतो का?

धरतो. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये घरबांधणीचा करार लेखीच असावा अशी अट नाही. खरी अडचण सिद्ध करताना येते. तुम्ही म्हणणार दर अडीचशे ठरला होता, तो म्हणणार तीनशे वीस, आणि न्यायाधीश दोघांकडे बघत बसणार.

कागद नसला तरी पुरावा गोळा करता येतो. पैसे पाठवल्याचे यूपीआयचे तपशील, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, माल उतरवून घेतल्याच्या पावत्या, बोलणं झालं तेव्हा ओट्यावर बसलेली दोन माणसं, हे सगळं उपयोगी पडतं. मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

काम अजून चालू असेल तर एक सोपी युक्ती आहे. आज रात्रीच त्याला मेसेज टाका: "दादा, आपलं ठरल्याप्रमाणे प्लास्टर इतक्या रुपये दरानं, दिवाळीपर्यंत पूर्ण, आजवर इतके दिले." तो नुसतं "हो" म्हणाला तरी अर्धा करार हातात आला.

२. मग कागदावर नेमकं काय लिहून घ्यायचं?

वकिली भाषेची गरज नाही. वहीच्या पानावर लिहिलं तरी चालेल, पण पुढच्या गोष्टी सुटू देऊ नका.

पहिली गोष्ट माप. मराठवाड्यातली निम्मी भांडणं ब्रासवरून होतात. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि प्लास्टरचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. प्लास्टर मोजताना दारं-खिडक्यांची जागा वजा करायची का, स्लॅबच्या मापात छज्जा धरायचा का, हे आधीच लिहा. हे लिहिलेला कागद माझ्याकडे आजवर दोनदाच आलाय आणि त्या दोन्ही ठिकाणी भांडण झालं नव्हतं, दुसऱ्याच कामासाठी लोक आले होते.

दुसरी गोष्ट मालाची. काम नुसत्या मजुरीवर आहे की मालासह? मालासह असेल तर सिमेंट कुठलं, सळई किती एमएमची, पत्रा किती जाडीचा. "चांगल्या प्रतीचा माल" असं लिहिलं तर ती प्रत शेवटी गुत्तेदारच ठरवतो.

तिसरी तारीख. काम कधी सुरू, कधी पूर्ण. उशीर झाला तर दर आठवड्याला किती रक्कम कापायची, तेही लिहा. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. आकडा लिहिताना भान ठेवा, दोन लाखांच्या कामाला रोज पाच हजारांचा दंड टिकत नाही.

बाकी पाणी-लाईट कुणाचं, राडारोडा कोण उचलणार, मजुरांची जबाबदारी कुणाची (प्रश्न १७), काम झाल्यावर किती महिने गळती-तडे फुकट दुरुस्त करून देणार, हेही एकेका ओळीत येऊ द्या. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि गुत्तेदाराच्या आधार कार्डाची त्यानं सही केलेली झेरॉक्स.

३. स्टॅम्प पेपर लागतोच का? नोटरी?

करार वैध ठरायला नोटरी लागत नाही. मुद्रांक मात्र लावावा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० आणि २०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक वापरावा लागतो. कामाची रक्कम मोठी असेल तर शुल्क वाढू शकतं, ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. मुद्रांक न लावलेला कागद रद्द होत नाही. शुल्क आणि दंड भरला की तो पुराव्यात घेता येतो. त्यामुळे साध्या कागदावरचा जुना करार असेल तर तो फाडून टाकू नका.

४. आमचं जुनं दगडमातीचं माळवदाचं घर आहे. गुत्तेदार म्हणतो, तडे सिमेंटनं भरून वरून प्लास्टर मारतो. एवढं पुरेल का?

हा प्रश्न कायद्याचा कमी आणि जिवाचा जास्त आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जे झालं, त्यात माणसं मेली ती बहुतेक अशाच घरांत. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आतून-बाहेरून दगडाचे दोन वेगळे थर, मध्ये माती आणि डोक्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेलं मातीचं ओझं. धक्का बसला की थर एकमेकांपासून सुटतात आणि माळवद खाली येतं. हा भाग तेव्हा नकाशावर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. तो नंतर झोन ३ मध्ये गेला. हिंगोली भागातले २०२४ चे धक्केही लक्षात असतीलच.

पुरात भिजलेल्या मातीच्या भिंतीचंही असंच असतं. वरून प्लास्टर मारलं की आतली ओल कोंडते आणि पोट आलेली भिंत दिसेनाशी होते, बरी होत नाही. दुरुस्ती म्हणजे माळवदावरची जादा माती उतरवणं, भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे तुकडे घालून दोन्ही थर बांधणं आणि छताखाली चारही भिंतींना फिरवून पट्टा बीम देणं. दगड-विटांच्या इमारतींच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी आयएस १३९३५ हे भारतीय मानकच आहे. करारात "दुरुस्ती आयएस १३९३५ प्रमाणे" एवढी ओळ घाला. उद्या वाद झाला तर काम कशाच्या तुलनेत वाईट, हे सांगायला काहीतरी हातात असतं.

५. उचल किती द्यावी? तो निम्मे पैसे आधी मागतोय.

कायद्यानं आकडा ठरवलेला नाही. माझा सल्ला, नुसत्या मजुरीच्या कामाला दहा टक्क्यांच्या वर उचल नको. मालासह काम असेल तर मालाचे पैसे त्याच्या हातात न देता दुकानदाराच्या खात्यावर टाका आणि बिल आपल्या नावानं घ्या. पुढचे हप्ते तारखेवर ठेवू नका, टप्प्यावर ठेवा: जोत्यापर्यंत, भिंत, स्लॅब किंवा पत्रे, प्लास्टर. शेवटचे दहा टक्के पुढच्या पावसाळ्यातला पहिला मोठा पाऊस झाल्यावर द्यायचे, हे करारातच लिहा. गुत्तेदार कुरकुर करतो, पण ज्याचा आपल्या कामावर भरवसा आहे तो तयार होतो.

९३ नंतर आमच्या वडिलांनी औशाकडच्या एका गुत्तेदाराला मदतीचा सगळा हप्ता एकदम दिला होता. जोत्याच्या वर काम गेलं नाही. तो जोता अजून आहे, त्यावर आता कडबा रचतात.

६. रोखीनं दिलेत आणि पावती नाही.

अजूनही घेता येते. पुढचा हप्ता देताना "आजवर एकूण इतके मिळाले" अशी एकच पावती लिहून घ्या, मागचं सगळं त्यात येतं. तो सही द्यायला टाळाटाळ करत असेल तर पुढचा हप्ता खात्यावरच द्या. ज्या दिवशी रोख दिली त्याच्या आसपास बँकेतून पैसे काढल्याची नोंदही कामाला येते. एक लक्षात ठेवा, सेवा देऊन बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

७. गुत्तेदाराकडे सरकारी लायसन असतं का? कसं तपासायचं?

खासगी घराचं काम घ्यायला आपल्याकडे कुठलंही लायसन लागत नाही. कुणी सार्वजनिक बांधकाम विभागाचं नोंदणीपत्र दाखवलं तर ते सरकारी टेंडर भरण्यासाठीचं असतं, तुमच्या घराची हमी नव्हे. जीएसटी नंबर दिला असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतंय का बघा. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या गुत्तेदाराला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे नंबर नाही म्हणून तो लबाड ठरत नाही, पण नंबर नसताना बिलात जीएसटी लावत असेल तर नक्की लबाड आहे. बाकी त्यानं मागच्या पावसाळ्याआधी बांधलेली दोन घरं जाऊन बघणं, यापेक्षा चांगली चौकशी मला माहीत नाही.

८. पंचनामा व्हायचाय. तोवर पडकी भिंत तशीच ठेवायची का?

जीवाला धोका असेल तर पाडा, पण आधी पुरावा करा. चारही बाजूंनी फोटो, तारीख दिसेल असा व्हिडिओ, शेजाऱ्यांच्या सह्यांचं साधं टिपण, आणि तलाठी व ग्रामसेवकाला लेखी अर्ज देऊन त्याची पोच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला अर्जही काहीच नसण्यापेक्षा बरा.

पंचनाम्यात "अंशतः" लिहिलं की "पूर्ण" यावर रक्कम बदलते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या दरांप्रमाणे सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५००, कच्च्या घराला ४ हजार, झोपडीला ८ हजार आणि गोठ्याला ३ हजार. अंशतः मध्ये बसायलाही किमान १५ टक्के पडझड लागते. साडेसहा हजारांत भिंतीचा एक कोपराही होत नाही हे खरंच, पण म्हणूनच गुत्तेदाराशी बोलताना "सरकारचे पैसे येणारेत" या हिशेबावर काम ठरवू नका.

९. घराचा विमा आहे. सर्व्हेअर यायच्या आत काम सुरू केलं तर?

कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. आधी कंपनीला लेखी कळवा, मग घराचं आणखी नुकसान होणार नाही एवढंच काम करा: ताडपत्री, टेकू, पाणी काढणं. त्या खर्चाची बिलं ठेवा. गृहकर्ज असणाऱ्या अनेकांना आपल्याकडे विमा आहे हेच माहीत नसतं. बँकेत विचारा. १ एप्रिल २०२१ पासून "भारत गृह रक्षा" ही प्रमाणित पॉलिसी आलीय, तिच्यात पूर आणि भूकंप दोन्ही धरलेले आहेत.

१०. एक जण म्हणतो, "पंचनाम्यात पूर्ण पडझड लिहून घेतो, आलेल्या पैशातले दहा टक्के द्या, काम मलाच द्या." करू का?

नका करू. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५२ प्रमाणे मदतीसाठी जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि अर्जावर सही तुमची असते, त्या दलालाची नव्हे. कुणी कर्मचारी पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

११. घरकुल मंजूर झालंय. गुत्तेदार पासबुक आणि एटीएम आपल्याकडे ठेवतो म्हणतो, "मी पूर्ण करून देतो."

ग्रामीण भागातल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, योजनेत कंत्राटदार नेमायचा नाही. मिस्त्री-मजूर तुम्ही लावू शकता. पण "सगळी गल्ली माझ्याकडे दिलीय" असं सांगत फिरणाऱ्या माणसाला योजनेत जागाच नाही. हप्ते तुमच्या खात्यावर येतात आणि पुढचा हप्ता प्रत्यक्ष बांधकामाचा फोटो चढल्यावरच निघतो. काम अर्धवट राहिलं तर वसुलीची नोटीस तुमच्या नावानं येते.

पासबुक दिलं असेल तर आज बँकेत जा, एटीएम कार्ड बंद करा. घरकुलाच्या लाभार्थ्याला राज्याच्या वाळू धोरणात ५ ब्रास वाळू विनामूल्य मिळते. तीही हेच लोक परस्पर उचलतात, तेव्हा तहसीलमध्ये आपल्या नावावर वाळू निघालीय का तेही विचारा.

१२. सही केली, उचल दिली आणि दुसऱ्या दिवशी मन बदललं. तीन दिवसांत करार रद्द करता येतो असं ऐकलंय.

ते दुसऱ्या देशांत. आपल्याकडे घरदुरुस्तीच्या करारात असा सरसकट हक्क नाही. तरी उचल बुडालीच असं नाही. तुम्ही माघार घेतली तर गुत्तेदाराला त्याचं जे खरं नुकसान झालं तेवढंच ठेवून घेता येतं. त्यानं अजून कुदळही मारलेली नसेल तर "उचल जप्त" हे म्हणणं टिकवणं त्याला अवघड जातं. करारातली एखादी अटच अन्यायाची असेल, उदाहरणार्थ त्याला केव्हाही सोडून जाता येतं पण तुम्हाला नाही, तर ती "अनुचित करार" म्हणून आव्हान देता येते. मात्र ती तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य आयोगात करावी लागते. बाकी तक्रारींसाठी प्रश्न १५ पाहा.

१३. उचल घेतली, पाया खांदला आणि गायब झाला. फोन उचलत नाही.

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न. क्रम असा ठेवा.

आधी काम आहे तिथेच थांबवून मोजमाप करा. एखादा अभियंता किंवा निदान दुसरा जाणकार मिस्त्री बोलवा, किती काम झालंय आणि त्याची किंमत किती, हे लिहून घ्या, फोटो काढा, पंचांच्या सह्या घ्या. घाईनं दुसरा गुत्तेदार लावला की जुन्या आणि नव्या कामातली रेघच पुसली जाते आणि तक्रार तिथेच निम्मी मरते.

मग नोटीस. "इतक्या तारखेला इतके घेतले, इतकं काम केलं, १५ दिवसांत काम सुरू करा नाहीतर उरलेली रक्कम परत करा, अन्यथा दुसऱ्याकडून काम करून घेऊन जादा खर्च तुमच्याकडून वसूल करू." स्पीड पोस्टनं पाठवा (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालंय), पावती जपा, तीच नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका.

१५ दिवस झाले की दुसरा लावायला तुम्ही मोकळे. दुसऱ्यानं त्याच कामाचे जास्त घेतले तर तो फरक करार कायद्याच्या कलम ७३ खाली मागता येतो. पहिल्यानं केलेल्या कामाची वाजवी किंमत मात्र तुमच्या हिशेबातून वजा होईल, तिथे हात आखडू नका, आयोगापुढे खरा हिशेब मांडणाऱ्याचं ऐकलं जातं.

१४. काम पूर्ण झालं, पण पहिल्याच पावसात गळती आणि भिंतीला तडे. गुत्तेदार म्हणतो, काळ्या जमिनीचा दोष.

काही वेळा तो खरं बोलत असतो. आपली काळी कापूसमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायावरच्या भिंती फाडते. पण ते बांधणाऱ्याला आधी कळायला हवं. जमीन बघून पाया किती खोल घ्यायचा हे ठरवणं त्याचंच काम. तुम्ही "पाया उथळ ठेव, पैसे वाचव" असं म्हणाला असाल तर गोष्ट वेगळी.

दोष कुणाचा हे तज्ज्ञच सांगू शकतो. शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाकडे चौकशी करा, काँक्रीटची ताकद तपासता येते. ग्राहक आयोगही नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. अहवाल येईपर्यंत तडे भरू नका. तड्यावर पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा, वाढतोय का ते कळतं.

१५. ग्राहक आयोगात तक्रार कुठे, किती खर्चात, किती दिवसांत?

घरबांधणी ही "सेवा" आहे, हे कायद्याच्या व्याख्येतच आहे. सर्वोच्च न्यायालयानंही १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात तसंच ठरवलं होतं. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. बीड, लातूर, धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडे तो आहे. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, गुत्तेदार सोलापूरचा किंवा बिदरचा असला तरी.

५ लाखांपर्यंत फी नाही. त्यापुढे १० लाखांपर्यंत २००, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. मुदत वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते, आणि आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कायदा म्हणतो तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात जास्त लागतो, आधीच सांगून ठेवतो. पण आदेश मोडणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद समन्स हातात पडल्यावर बऱ्याच गुत्तेदारांना अचानक आठवते.

१६. वकिलाला द्यायला पैसेच नाहीत. सगळं पुरात गेलं.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ वाचा: पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीत सापडलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींनाही तसंच. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्या, पंचनाम्याची प्रत जोडा. हेल्पलाइन १५१००. तिथूनच लोक अदालतीत तडजोडही होते, तिला कोर्ट फी नाही आणि झालेल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी रक्कम दोनदा वाचा. या कलमाचा फायदा घेणारे मी फार थोडे पाहिलेत. लोकांना तो आहे हेच ठाऊक नसतं.

१७. स्लॅबवरून मजूर पडला. त्याचे घरचे माझ्याकडे भरपाई मागतायत.

मजूर गुत्तेदारानं आणलेला असेल तर भरपाईची पहिली जबाबदारी त्याचा मालक म्हणून गुत्तेदाराची. आधी १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली आहे. तुम्ही स्वतःच रोजंदारीवर लावलेला मजूर असेल तर मात्र जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. मजूर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदलेला असेल तर कामावर मृत्यू झाल्यास वारसांना मंडळाकडून ५ लाख मिळतात. काम सुरू करतानाच नोंदणी विचारा. बाकी जखमी माणसाला आधी दवाखान्यात न्या, जबाबदारीचा वाद नंतर घाला.

१८. पोलीस म्हणतात, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा."

अर्ध्या वेळा ते बरोबर असतात. काम नीट केलं नाही, उशीर केला, हा गुन्हा नाही. पण सुरुवातीपासूनच काम करायचा विचार नव्हता, खोटं नाव सांगितलं, एकाच आठवड्यात दहा घरांची उचल घेऊन पसार झाला, तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक. मालासाठी म्हणून दिलेले पैसे दुसरीकडेच वापरले तर कलम ३१६. गावातल्या फसलेल्या सगळ्यांनी मिळून जा, एकट्याची तक्रार दिवाणी वाटते, दहा जणांची वाटत नाही. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी द्या, तरी नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पैसे यूपीआयवरून एखाद्या अनोळखी नंबरवर गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, तास-दोन तासांत केलेल्या तक्रारीला अर्थ असतो.

१९. त्यानं हमी म्हणून माझ्याकडून कोरे चेक घेतलेत.

चुकलंच. चेक वटला नाही आणि तुमच्याकडे खरंच देणं निघत असेल तर चेकच्या कायद्याच्या (परक्राम्य संलेख अधिनियम) कलम १३८ खाली खटला तुमच्यावर होतो, "पेमेंट थांबवा" असं बँकेला सांगितलं तरी. काम अर्धवट असताना चेक टाकायची धमकी देत असेल तर आधीच लेखी कळवा: काम इतकंच झालंय, देणं इतकंच आहे, चेक हमीचे होते. हाच दाखला पुढे बचाव ठरतो. उलट त्यानं उचल परत म्हणून दिलेला चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात फौजदारी तक्रार. या मुदती चुकवू नका.

२०. "पैसे दिले नाहीत तर पत्रे काढून नेतो, घराला कुलूप लावतो" म्हणतो.

त्याला तो हक्क नाही. बसवलेला पत्रा, चौकट, सळई ही आता तुमच्या घराचा भाग आहे. त्याचं देणं निघत असेल तर त्यानं तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा करावा. आवारात उतरवलेला पण न वापरलेला, त्याच्याच पैशाचा माल मात्र त्याचा आहे, तो अडवून धरू नका.

२१. गावातलाच मिस्त्री रोजंदारीवर लावला होता. तो ग्राहक आयोगात येतो का?

इथे अवघड होतं. तुम्ही सांगाल ते, तुमच्या देखरेखीखाली, रोजावर करणारा माणूस हा "वैयक्तिक सेवेचा" करार मानला जाऊ शकतो, आणि तो ग्राहक कायद्याबाहेर आहे. तेच काम ठरलेल्या रकमेत अंगावर दिलं असेल तर आयोगात जाता येतं. एखाद्या संस्थेनं पूर्ण फुकट बांधून दिलेलं घरही सहसा बाहेर, कारण तुम्ही मोबदला दिलेला नाही. अशा वेळी दिवाणी कोर्ट, मुदत तीन वर्षं.

२२. घर नाही, बाजारपेठेतलं दुकान वाहून गेलं. मी ग्राहक धरला जाईन?

दुकानावर तुमचं पोट चालत असेल आणि तुम्ही स्वतः गल्ल्यावर बसत असाल तर हो. मोठं गोदाम, नोकरांवर चालणारा व्यापार असेल तर "व्यापारी हेतू" म्हणून तक्रार फेटाळली जाऊ शकते, मग दिवाणी दावा.

२३. रेरात (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे) तक्रार करता येईल का?

बिल्डरकडून घेतलेल्या, रेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या फ्लॅटला ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेचा दोष निघाला तर हो, बिल्डरनं तो विनाखर्च दुरुस्त करायचा. स्वतःच्या जागेवरच्या घराच्या दुरुस्तीला रेरा लागत नाही.

२४. गुत्तेदार म्हणतो, "वाळू रात्री येईल, पावती विचारू नका."

विचारा. विनापरवाना वाळूला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि ढीग तुमच्या अंगणात सापडतो तेव्हा ट्रॅक्टरवाला तिथे नसतो. वाहतूक पास बघितल्याशिवाय माल उतरवू देऊ नका, आणि पासवरची तारीख-वेळही बघा, एकाच पासवर दिवसभर चार खेपा मारायची पद्धत नदीकाठच्या सगळ्यांना माहीत आहे.